रेडिएटर मोठा करण्यापूर्वी

ऊसतोडणीचा हंगाम अर्ध्यावर आला आणि ऊन तापू लागले की कारखान्याच्या वाटेवर एक दृश्य नित्याचे होते. चढाच्या मध्यावर भरलेल्या ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर उभा असतो, त्याच्या तोंडातून वाफेचे लोट निघत असतात आणि चालक डबा घेऊन पाण्याच्या शोधात निघालेला असतो. असे दोनतीन वेळा घडले की मालक गॅरेज गाठतो. तेथे त्याला बहुधा एकच सल्ला मिळतो: रेडिएटर लहान पडतो आहे, दोन ओळींचा काढून चार ओळींचा बसवा. सल्ला ऐकावयास सरळ आहे आणि मोठी वस्तू अधिक काम करील हा समज सर्वांच्या मनात असतो. म्हणून हंगामाच्या कमाईतून पैसे काढून नवा रेडिएटर येतो. पुष्कळदा काटा पुन्हा तांबड्या खुणेकडे सरकतो. कधी काटा सरकावयाचे थांबतो, आणि मग ट्रॉलीत आणखी दोन टन ऊस पडतो.

भार ओढताना इंजिन तापते ह्या तक्रारीवर रेडिएटर वाढविणे हा पहिला उपाय नसून शेवटचा उपाय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ह्या मतामागील कारणे शेतकरी बंधूंनी आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावीत, म्हणून ती येथे क्रमाने मांडतो.

उष्णता येते कोठून?

इंजिनात डिझेल जळते तेव्हा त्यातील सर्व उष्णतेचे काम होत नाही. स्थूलमानाने तिचा एक तृतीयांश किंवा थोडा अधिक भाग चाकांना फिरविण्याच्या कामी येतो. जवळपास तेवढाच भाग धुराबरोबर बाहेर जातो. उरलेल्यापैकी बहुतेक उष्णता इंजिनाच्या भिंतींत शिरते आणि ती बाहेर काढण्याची जबाबदारी पाण्यावर व रेडिएटरवर येते. इंजिन पूर्ण ताकदीने चालत असता जितकी शक्ती ते देते, तिच्या निम्म्याहून अधिक उष्णता रेडिएटरला हवेत टाकावी लागते. काम दुप्पट केले की ही उष्णताही जवळजवळ दुप्पट होते.

रेडिएटर ही उष्णता किती वेगाने टाकील, हे त्यातील पाणी व बाहेरची हवा ह्यांच्या तापमानांतील अंतरावर अवलंबून असते. पाणी ९५ अंश आणि हवा २५ अंश असेल, तर अंतर ७० अंश होते. मार्च-एप्रिलमध्ये सोलापूरसारख्या भागात हवा ४२ अंशांवर गेली की तेच अंतर ५३ अंश राहते. म्हणजे रेडिएटर तोच, पंखा तोच, परंतु उष्णता टाकण्याची शक्ती सुमारे पाव हिश्श्याने घटली. पौष महिन्यात बिनतक्रार चालणारा ट्रॅक्टर फाल्गुन-चैत्रात का उकळतो, ह्याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे मिळते.

ट्रक आणि ट्रॅक्टर ह्यांतील एक भेदही ध्यानात घ्यावा. ट्रक वेगाने धावत असता समोरचा वारा आपोआप रेडिएटरमधून जातो. ट्रॅक्टर ताशी दहा-पंधरा किलोमीटरने चालतो. त्यास वाऱ्याची मदत जवळजवळ नसते. जी हवा खेचावयाची ती सर्व पंख्यानेच खेचावी लागते. म्हणून ट्रॅक्टरच्या बाबतीत पंखा, त्याचा पट्टा आणि पंख्याभोवतीचे वेष्टन ह्यांना रेडिएटरइतकेच महत्त्व आहे.

चढ, भार आणि वेग

आता साधा हिशेब मांडून पाहू. ट्रॅक्टर आणि भरलेल्या दोन ट्रॉल्या मिळून १५ टन वजन आहे असे धरू. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर चाके फिरवत नेण्यास वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे ३०० किलो ओढ लागते. ताशी १० किलोमीटर वेगाने ही ओढ देण्यासाठी चाकांवर सुमारे ११ अश्वशक्ती पुरते. परंतु वीस फुटांत एक फूट असा चढ लागला, की वजनाच्या आणखी ५ टक्के ओढ वाढते. एकूण ओढ १,०५० किलो होते आणि त्याच वेगास ३९ अश्वशक्ती लागते. वजन १५ ऐवजी २० टन असेल, तर हाच आकडा ५२ वर जातो. पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला हे काम त्या वेगाने करताच येणार नाही. मऊ रानातून बाहेर पडताना तर चाकांचा अडथळा डांबरी रस्त्याच्या कित्येक पट असतो.

ह्या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, भार कमी करताच उष्णता त्याच प्रमाणात कमी होते, आणि त्यास एक पैसाही खर्च येत नाही. दुसरी अशी की, वेग निम्मा केला तर लागणारी शक्तीही निम्मी होते. म्हणून चढ सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा. पुष्कळ चालक वरच्या गिअरमध्ये इंजिन दाबत नेतात. तसे केल्याने इंजिनाचे फेरे घटतात आणि त्याबरोबर पंखा व पाण्याचा पंप हेही मंदावतात. उष्णता सर्वाधिक असते त्याच वेळी हवा व पाणी सर्वांत कमी फिरते. खालच्या गिअरमध्ये इंजिन मोकळेपणाने फिरले, तर पंखाही जोरात फिरतो आणि काटा खाली राहतो.

लहान की चोंदलेला?

कंपनीतून आलेला रेडिएटर त्या इंजिनाच्या पूर्ण शक्तीचा विचार करून बसविलेला असतो. तो पहिली काही वर्षे पुरला आणि आता पुरत नसेल, तर तो लहान झालेला नसून त्याचा मार्ग कोठेतरी अडलेला आहे, असे प्रथम समजावे. हा अडथळा दोन ठिकाणी होतो.

बाहेरून हवेचा मार्ग अडतो. उसाच्या फडात पाचटाचे तुकडे, कुसळ आणि धूळ रेडिएटरच्या पट्ट्यांमध्ये अडकून तेथे गादी तयार होते. तेलाचा ओलावा असेल तर ती अधिकच घट्ट बसते. भरीला भर म्हणून जाळीपुढे नावाच्या पाट्या, हारतुरे, पोती, गाण्याचे कर्णे इत्यादी वस्तू बांधल्या जातात. रात्री रेडिएटरच्या एका बाजूस दिवा धरून दुसऱ्या बाजूने पाहावे. प्रकाश जेथे दिसत नाही तेथून हवाही जात नाही असे समजावे. स्वच्छता करताना पंख्याच्या बाजूकडून समोरच्या बाजूकडे हवा किंवा पाणी मारावे, कारण कचरा समोरून आत शिरलेला असतो. पाण्याचा झोत जोराचा ठेवू नये. त्याने पातळ पट्ट्या वाकतात आणि मार्ग कायमचा बंद होतो. तोडणी चालू असता जाळी रोज आणि रेडिएटर आठवड्यातून एकदा झाडावा. पंख्याभोवतीचे वेष्टन अडचण होते म्हणून काढून टाकण्याची चूक करू नये. ते नसले की पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूची गरम हवाच घुसळत राहतो.

आतून पाण्याचा मार्ग अडतो. दख्खनच्या पठारावरील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड आहे. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो, तसाच थर हे पाणी इंजिनाच्या आत धरते. हा थर लोखंडाच्या मानाने उष्णता कितीतरी कमी वाहतो. त्यामुळे रेडिएटर कितीही मोठा आणला तरी इंजिनाच्या भिंतीतील उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. गळती थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची युक्तीही प्रचलित आहे. वाटेत अडलेल्याने घरी पोहोचण्यापुरती ती केली तर समजू शकते. पण भोक बुजविणारी हळद बारीक नळ्याही बुजविते, हे विसरू नये. घरी आल्यावर गळतीची नीट दुरुस्ती करून आतील भाग धुऊन काढावा. धुण्यासाठी कॉस्टिक सोडा वापरू नये, कारण ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्याने खाल्ला जातो.

भरावयाचे पाणी मृदू असावे. शुद्ध केलेले पाणी किंवा स्वच्छ धरलेले पावसाचे पाणी चालते. त्यात उत्पादकाने सांगितलेले कूलंट सांगितलेल्याच प्रमाणात मिसळावे. ह्याबाबत एक गैरसमज आहे. कूलंटमुळे पाणी अधिक उष्णता वाहते असे नाही. उलट निम्मे कूलंट असलेले मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा थोडी कमीच उष्णता वाहते. त्याचा खरा उपयोग गंज व थर रोखणे आणि उकळबिंदू वाढविणे हा आहे. नेहमीचे कूलंट चवीस गोड असते आणि अत्यंत विषारी असते. ते उघड्यावर सांडू नये, गोठ्याजवळ ठेवू नये. जनावर, कुत्रे किंवा लहान मूल ते सहज चाटील.

झाकण आणि पट्टा

सर्वांत स्वस्त परंतु सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे रेडिएटरचे झाकण. कोल्हापूर-पुण्याच्या उंचीवर उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांवर उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.९ किलो असेल, तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळेल. झाकणाची स्प्रिंग सैल झाली अथवा रबर फाटले की हा वीस अंशांचा आधार नाहीसा होतो. पुष्कळ रेडिएटर ह्या लहानशा झाकणापायी विनाकारण बदलले गेले असतील. मात्र ठरविलेल्या दाबापेक्षा अधिक दाबाचे झाकणही बसवू नये. त्याने जुने पाइप व सांधे फुटतात.

पंख्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. साधारणपणे अर्ध्या इंचाहून अधिक दबत असेल तर तो ताणून घ्यावा. नेमके माप यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते. थर्मोस्टॅट काढून फेकणे हा आणखी एक रूढ उपाय आहे. त्याने इंजिन थंडीत गार राहते, डिझेल अधिक जाते आणि आतील भाग लवकर झिजतात. काही इंजिनांत तर त्यामुळे पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता परस्पर इंजिनात परततो. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवावा. गार इंजिन झाकण उघडून सुरू केले असता पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेले असण्याचा संभव आहे. तेथे रेडिएटर बदलून काही उपयोग नाही.

मोठा रेडिएटर केव्हा योग्य?

ह्याचा अर्थ रेडिएटर कधीच बदलू नये असा नव्हे. नळ्या गंजून गेल्या असतील, पट्ट्या नळ्यांपासून सुटल्या असतील, तर नवा रेडिएटर घेणेच शहाणपणाचे. वर सांगितलेली सर्व तपासणी झाली, भार मर्यादेत आहे, चालविण्याची पद्धत योग्य आहे आणि तरीही दीर्घ चढावर उन्हाळ्यात काटा चढतो, अशा वेळी अधिक क्षमतेचा रेडिएटर घेणे रास्त आहे. परंतु तो घेताना काही गोष्टी पाराखून घ्याव्यात.

ओळी दुप्पट केल्याने थंडावा दुप्पट होत नाही. पहिल्या ओळीतून गेलेली हवा तापूनच पुढच्या ओळींकडे जाते, आणि गाभा जाड झाला की त्याच पंख्याने कमी हवा खेचली जाते. म्हणून जाडीपेक्षा समोरचे क्षेत्रफळ वाढत असेल तर अधिक लाभ होतो. बसविल्यावर पंखा व गाभा ह्यांतील अंतर आणि पंख्याचे वेष्टन पूर्वीप्रमाणे जुळले पाहिजे. धातूच्या नावावर भुलू नये. तांबे ॲल्युमिनियमपेक्षा उष्णता चांगली वाहते. परंतु नळ्यांची रुंदी, पट्ट्यांची दाटी आणि सांध्यांचा चांगुलपणा ह्यांवरच अखेरचा परिणाम ठरतो. खेड्यात दुरुस्तीच्या दृष्टीने पाहता तांबे-पितळेच्या गाभ्याला डाख देता येतो; ॲल्युमिनियमच्या गाभ्याची दुरुस्ती सर्वत्र होत नाही.

वाटेत इंजिन तापल्यास

काटा तांबड्या खुणेकडे जाऊ लागताच गाडी सुरक्षित जागी घ्यावी. पाणी शिल्लक असेल तर इंजिन एकदम बंद न करता भाराविना काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे पंखा व पंप उष्णता काढून नेतील. पाणी निघून गेले असेल किंवा वाफ जोराने येत असेल, तर मात्र तत्काळ बंद करावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. दाब सुटताच उकळते पाणी उसळते आणि तोंड व हात भाजतात. निदान अर्धा तास थांबावे, जाड फडके धरून झाकण आधी थोडे सैल करावे आणि वाफ गेल्यावरच काढावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये. त्याने हेडला तडा जाण्याचा धोका असतो. चाळीस मिनिटांची घाई हंगामाच्या ऐन भरात इंजिन खोलण्याची पाळी आणते.

भाराचा खरा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. त्या काळच्या ऊसवाहतुकीत बैलगाडीचा वाटा मोठा होता, आणि काही भागांत ती आजही फडापासून कारखान्यापर्यंत चालते. चढावर बैल धापा टाकू लागला की जाणता गाडीवान गाडी थांबवितो आणि पुढच्या खेपेला चार मोळ्या कमी भरतो. बैलाचे धापा टाकणे ही त्याला मिळालेली सूचना असते. ट्रॅक्टरचा काटा हीही तशीच सूचना आहे. मोठा रेडिएटर बसवून आपण पुष्कळदा ती सूचनाच बंद करतो.

रेडिएटर वाढला म्हणून क्लच, गिअर, आस, जोडणीची खीळ आणि ब्रेक वाढत नाहीत. पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर मागचा सारा भार ट्रॅक्टरला ढकलू लागतो. चढावर अतिभारामुळे ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जातात आणि सुकाणू हाती राहत नाही. मागे शाळेत जाणारी मुले, दुचाकीवरून घरी परतणारी माणसे असतात. इंजिन थंड ठेवून हा धोका कमी होत नाही. वाहनाच्या नोंदणीत दिलेल्या वजनापेक्षा अधिक भार नेण्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या ११३ व्या कलमाने मनाई आहे. रेडिएटर बदलल्याने ती मर्यादा बदलत नाही.

ह्यात सारा दोष चालकाला देणे मला न्यायाचे वाटत नाही. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, ट्रॅक्टरचे हप्ते थांबत नाहीत, टोळीला दिलेली उचल वसूल व्हावयाची असते आणि कारखान्याच्या आवारात रांगेत तासन्‌तास जातात. दिवसात एकच खेप होणार असेल, तर ती मोठी करावी असे कोणासही वाटेल. म्हणून भार आवरण्याचे आवाहन केवळ चालकाला करून भागणार नाही. रांग कमी झाली आणि दोन मध्यम खेपा शक्य झाल्या, तर एका अवजड खेपेचा मोह आपोआप कमी होईल. कारखान्यांच्या शेती विभागांनी तोडणी-वाहतुकीचे करार करताना ट्रॅक्टरची शक्ती आणि ट्रॉलीचा भार ह्यांचा मेळ पाहावा, ब्रेक असलेल्या ट्रॉल्यांना प्राधान्य द्यावे, असे मी आग्रहाने सुचवितो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस विनंती

गाळप हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. त्यापूर्वी पंधरा दिवस गावातील ट्रॅक्टरमालकांना एका ठिकाणी बोलवावे. चांगला मिस्त्री, पाण्याचा पाइप, एक दिवा आणि तपासणीची यादी एवढे साहित्य पुरे आहे. यादी लहान असावी: रेडिएटरच्या पट्ट्या, आतील थर, झाकणाचे रबर, पट्ट्याचा ताण, पाइपांच्या भेगा, पंख्याचे वेष्टन, तापमानाचा काटा चालू आहे की नाही, आणि त्याबरोबर ब्रेक, जोडणीची खीळ व ट्रॉलीमागील परावर्तक पट्ट्या. ह्या तपासणीस एका ट्रॅक्टरमागे अर्धा-पाऊण तास लागेल. काटाच बंद असलेले ट्रॅक्टर आढळतील. ते आधी दुरुस्त करवून घ्यावेत, कारण सूचना देणारे साधनच मुके असेल तर बाकीचा उपदेश व्यर्थ आहे.

शेतकरी बंधूंनी रेडिएटरसाठी पैसे काढण्यापूर्वी क्रम ध्यानात ठेवावा. प्रथम स्वच्छता, मग झाकण व पट्टा, मग पाणी व कूलंट, मग गिअर व वेग, मग भार. आणि ह्या सर्वांनंतरही गरज उरली तरच मोठा रेडिएटर. ह्या क्रमाने जाणाऱ्यांपैकी बहुतेकांचे काम नव्या रेडिएटरवाचूनच भागेल. वाचलेल्या पैशांत ट्रॉलीचे ब्रेक दुरुस्त करून घ्यावेत.